स्वेटरआधी तुकडा

विणकामाचे मशीन घरात आले म्हणून पहिल्या आठवड्यात स्वेटर होत नाही. पहिल्या महिन्यात झालाच, तर तो बहुधा घालण्याजोगा नसतो. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण मोबाइलच्या पडद्यावर या मशीनच्या ज्या चित्रफिती फिरतात त्यांत नेमके उलटे दिसते. एक हात कॅरेजच्या, म्हणजे सुयांवरून सरकणाऱ्या पेटीच्या, मुठीवर असतो, कॅरेज खर्रकन उजवीकडे जाते, परत येते, आणि बघता बघता खाली वीतभर कापड लोंबू लागते. त्यात खोटे काही नाही. मशीन खरोखर तसेच चालते. मात्र त्या एका मिनिटाआधी लोकर पुन्हा गुंडाळण्यात, सुया तपासण्यात, नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजण्यात गेलेला दीड दिवस तिथे दिसत नाही. बाह्या जोडण्यात गेलेली संध्याकाळही दिसत नाही. मग मशीन घेणारीला दुसऱ्याच आठवड्यात वाटू लागते की आपला हातच वाईट आहे, आणि मशीन माळ्यावर जाते. आपल्याकडे अशी माळ्यावर गेलेली मशीन थोडी नाहीत. त्यांतली पुष्कळशी बिघडलेली नसतात, शिकण्याचा क्रम चुकल्यामुळे वर गेलेली असतात. त्या क्रमाबद्दलच आज लिहायचे आहे.

मराठीने ‘विणणे’ या एका क्रियापदात फार कामे बसवली आहेत. कोष्टी मागावर लुगडे विणतो, बुरूड टोपली विणतो, सुंभाने बाज विणली जाते आणि आजी दोन सुयांवर नातवाचे टोपडे विणते. पण मागावरचे विणणे आणि सुयांवरचे विणणे यांत मुळातला फरक आहे. मागावर उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या वरखालून जातो. सुयांवर ताणलेले काहीच नसते. एकच धागा स्वतःच्या फासातून नवा फास ओढत पुढे सरकतो. म्हणून धोतर ओढले तर ताणत नाही आणि मोजा ताणतो. म्हणूनच मोज्याचा एक टाका सुटला की खालपर्यंत शिडी पडते. अंगातला गंजीफ्रॉकही याच दुसऱ्या जातीचा. ‘गंजी’ हा शब्द इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाच्या नावावरून आला असे मानतात. जर्सी हे त्याच्या शेजारचेच बेट. तिथल्या कोळ्यांच्या लोकरी विणीच्या सदऱ्यांची नावे आपल्या कपाटापर्यंत पोहोचली. आपण ज्या मशीनबद्दल बोलत आहोत ते या फासांच्या विणकामाचे आहे. मागाशी त्याचे नाते फक्त धाग्यापुरते.

फास ओढण्याचे काम यंत्राकडून करून घेण्याची पहिली खटपट चारशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम लीने 1589 मध्ये मोजे विणण्याची चौकट तयार केली. राणी एलिझाबेथने तिला सनद नाकारली आणि हाताने मोजे विणणाऱ्या गरीब प्रजेचे पोट जाईल असे कारण दिले, अशी कथा आजही सांगतात. लीला पुढे फ्रान्समध्ये आश्रय शोधावा लागला. चौकट मात्र टिकली आणि तिने कारखान्यात नव्हे, घरात बस्तान बसवले. नॉटिंगहॅमशर, लेस्टरशर भागातले विणकर दोन-अडीचशे वर्षे घरातल्या खोलीत, उजेडासाठी रुंद खिडक्या ठेवून, या चौकटीवर बसत होते. घरातले विणकामाचे मशीन ही काही आजची हौस नाही, तिला असा जुना संसार आहे. त्या संसारातली एक कडू गोष्ट आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

आजच्या घरगुती मशीनचा जीव एका सुईत आहे. 1840 च्या दशकाच्या अखेरीस लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने लॅच सुई आणली. 1863 मध्ये अमेरिकेत आयझॅक लँबने तिच्यावर चालणारे सपाट मशीन बांधले. ही सुई हातात घेऊन नीट पाहावी. टोकाला आकडा असतो आणि आकड्याच्या मागे बारीक बिजागरीवर हलणारी एक जीभ. हीच लॅच. सुई पुढे येते तेव्हा तिच्यावरचा जुना फास जिभेला मागे ढकलतो आणि तिच्या पाठीमागे जाऊन बसतो. आकडा आता उघडा असतो, त्यात नवा धागा पडतो. सुई मागे फिरते, जुना फास जिभेखाली सापडून तिला वर उचलतो, जीभ आकडा बंद करते, आणि जुना फास बंद आकड्यावरून घसरून खाली पडतो. आकड्यात राहिलेला धागा हा नवा टाका. दोन सुयांवर आपण उजव्या सुईने जे करतो, तेच इथे प्रत्येक सुई स्वतः करते. कॅरेजच्या पोटातले उतार प्रत्येक सुईच्या खुंटीला धरून पुढे नेतात आणि मागे आणतात. म्हणून कॅरेजच्या एका फेरीत दोनशे टाके होतात.

नव्या माणसाने पहिल्या दिवशी कॅरेज बाजूला ठेवावी. दहा सुयांवर हाताने फास चढवावेत, एकेक सुई बोटाने पुढे-मागे करून, धागा आकड्यात ठेवून चार ओळी विणाव्यात. अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात जे कळते ते दहा चित्रफिती पाहून कळत नाही, कारण पुढे टाका का सुटला, धागा का अडकला, एका जागी दोन फास का झाले, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सुईच्या त्या एका हालचालीतच असते.

कोणते मशीन घ्यावे, याचे उत्तर मशीनच्या नावात शोधू नये. कोणती लोकर विणायची आहे ते आधी ठरवावे. 1950 च्या दशकापासून जपानमधल्या ब्रदर, सिल्व्हर रीड, टोयोटा अशा कंपन्यांनी घरगुती मशीन जगभर पोहोचवली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ब्रदरने ती बनवणे थांबवले, पण जुनी अजूनही हातोहात फिरतात. सिल्व्हर रीडची नवीही मिळतात. या मशीनवर एक आकडा महत्त्वाचा असतो, तो म्हणजे दोन सुयांमधले अंतर. प्रमाण मशीनवर ते 4.5 मिलिमीटर आणि सुया 200. जाड लोकरीच्या मशीनवर 9 मिलिमीटर आणि सुया साधारण 110. मधल्या जातीचे सिल्व्हर रीडचे एलके-150 हे हलके मशीन आहे, त्यात अंतर 6.5 मिलिमीटर आणि सुया 150. बाळाच्या झबल्या-टोपड्यासाठी जी बारीक लोकर आपण घेतो ती 4.5 वर चालते. शेजारच्या दुकानातली स्वेटरची नेहमीची जाडसर लोकर तिथे चालत नाही. कॅरेज ओढताना हात भरून येतो, सुया वाकतात, आणि दोष मशीनवर जातो. घरात अशा जाडसर लोकरीचा साठा असेल आणि तीच विणायची असेल, तर 6.5 चे साधे मशीन घेणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. त्याच्यावर आपोआप नक्षी उमटत नाही, पण सुरुवातीला तिची गरजही नसते.

अलीकडे हँडल फिरवून चालणारी प्लॅस्टिकची गोल मशीनही बाजारात आली आहेत. जर्मन कंपनीचे आडी एक्स्प्रेस आणि त्याच धर्तीचे स्वस्त सेंट्रो. त्यांत 22 पासून 48 पर्यंत सुया असतात. जाडसर, मऊ लोकरीची टोपी त्यांवर अर्ध्या तासात होते. मुलांना विणकामाची गोडी लावायला ती उत्तम. पण घेर ठरलेला असतो, घडण करता येत नाही, टाका फारसा सैल किंवा घट्ट करता येत नाही. टोप्या आणि मफलर एवढेच करायचे असेल तर खुशाल घ्यावे. सपाट मशीन शिकण्याची ती पहिली पायरी आहे असे समजू नये, कारण तिथे शिकलेले इथे फारसे उपयोगी पडत नाही.

जुने मशीन विकत घेताना किंवा माळ्यावरून काढताना एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी. बेडच्या, म्हणजे सुया बसवलेल्या लांब पाट्याच्या आत, सगळ्या सुयांवरून आडवी जाणारी धातूची एक पट्टी असते आणि तिच्या पोटात स्पंजची चिंधी. ही पट्टी सुयांना खाली दाबून धरते, म्हणून सुया एका पातळीत राहतात. वीस-तीस वर्षांत स्पंजचा चिकट भुगा होतो. मग सुया वर उचलतात, कॅरेजच्या ब्रशाखाली नीट जात नाहीत, टाके सुटतात, कॅरेज मध्येच रुतते. बाहेरून पाहता मशीन अगदी ठणठणीत दिसते. बेडच्या एका टोकाकडून पट्टी ढकलून बाहेर काढता येते. स्पंज दबलेला, तुटलेला किंवा चिकट झालेला दिसला तर नवी पट्टी घालावी, किंवा जुना स्पंज खरवडून त्याच जाडीची फोमची पट्टी चिकटवावी. हे एका दुपारचे काम आहे. ते न करता कॅरेज चालवली तर वाकलेल्या सुयांचा खर्च वर येतो. सुया एकेक काढून पुसाव्यात, जीभ सहज उघडझाप करते का पाहावे, वाकडी सुई बाजूला ठेवावी. तेल लावायचे ते शिलाई मशीनचे, तेही कपड्याला लावून पुसण्यापुरते. तेलाचे थेंब सुयांवर सोडले तर पहिला स्वेटर तेलकट होतो.

आता लोकर. हाताने विणताना लोकरीच्या खोडी बोटे सांभाळून घेतात: गाठ आली तर आपण थांबतो, गुंडा अडला तर गुडघ्याने ढकलतो. मशीनला बोटे नाहीत. कॅरेजच्या वेगाने धागा सुटत गेला पाहिजे, एकदाही हिसका न बसता. घट्ट गुंडाळलेला गोल गुंडा इथे शत्रू. गुंडा यंत्राच्या फिरकीवर पुन्हा सैल गुंडाळून घ्यावा, म्हणजे धागा आतून किंवा वरून अलगद निघतो. गुंडाळताना धागा मेणबत्तीच्या तुकड्यावरून जाऊ द्यावा, मेणाने तो सुळसुळीत होतो. धागा मशीनच्या मागच्या उंच तारेतून, स्प्रिंगच्या डोळ्यातून कॅरेजमध्ये येतो. विणताना त्या तारेवर एक डोळा ठेवावा. ती खाली वाकू लागली की मागे कुठेतरी धागा अडला आहे.

आपल्या बाजारात अ‍ॅक्रिलिक सर्वांत सहज मिळते, आणि शिकायला ते चांगले. स्वस्त असते, ताणते, उसवून पुन्हा विणता येते. त्याला गरम इस्त्री दाखवू नये, वीण कायमची लोळागोळा होते. महाराष्ट्रात सुती धाग्याचा मोह स्वाभाविक आहे. हवा आपली उष्ण, कापूस आपल्या शेतातला. पण सूत ताणत नाही. त्यामुळे सुईवर ते जास्त जोर मागते आणि चूक लपू देत नाही. सूत दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे. दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल आम्हाला आपुलकी आहे, पण तिचा हातकताईचा राठ, जाडबारीक धागा या सुयांसाठी नाही. तो घोंगडीतच शोभतो.

मशीन एक मीटरभर लांब असते. हलणारे टेबल चालत नाही. शिकंजे घट्ट बसतील असे जड टेबल हवे आणि उजेड डावीकडून किंवा समोरून. मधल्या चाळीस सुया पुढे काढाव्यात. ब्रदरच्या बेडवर सुयांच्या जागा ए, बी, डी, ई अशा अक्षरांनी दाखवलेल्या असतात. ए म्हणजे सुई विश्रांतीत, बी म्हणजे कामाला लागलेली, ई म्हणजे पूर्ण पुढे. कॅरेज उजवीकडे ठेवून डावीकडच्या सुईपासून प्रत्येक सुईला धाग्याचा एकेक वेढा द्यावा. हा टाके घालण्याचा सर्वांत सोपा प्रकार. वेढे सैल हवेत. सवयीने आपण ते आवळतो आणि पहिल्याच ओळीत कॅरेज रुतते. दोन ओळी झाल्या की खाली वजने अडकवावीत, कारण जुना फास सुईवरून घसरायला खालून ओढ लागते. वजने चार-पाच ओळींनी वर सरकवत राहावे. कडेचे टाके सुटतात ते बहुतेक वेळा वजन खाली राहून गेल्यामुळे.

कॅरेज शेवटच्या सुईच्या पुढे गेल्याशिवाय उलट फिरवू नये. रुतली तर जोर करू नये, ही गोष्ट हाताला शिकवायला वेळ लागतो. कॅरेज सोडवण्याची कळ पुस्तिकेत दिलेली असते. ती पहिल्या दिवशी शोधून ठेवावी. आणि एक प्रसंग प्रत्येकीवर येतोच. धागा कॅरेजच्या तोंडातून सुटलेला असतो, ते लक्षात येत नाही, हात सवयीने फेरी मारतो, आणि सगळे विणकाम सुयांवरून सुटून वजनांसकट धपकन जमिनीवर पडते. दोन तासांचे काम असते. डोळ्यांत पाणी येते. यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. सुयांनी आपले काम चोख केले, जुने फास सोडले, फक्त नवा धागा मिळाला नाही. प्रत्येक फेरीआधी धाग्यावर नजर टाकण्याची सवय या एका प्रसंगाने कायमची लागते.

सुटलेला एखादा टाका वर आणायला लॅचचीच छोटी हातसुई मशीनबरोबर मिळते. ती शिडीच्या तळाशी घालून एकेक पायरी वर चढायची. पहिल्या आठवड्यात मुद्दाम टाके सोडून ते चढवण्याचा सराव करावा. ज्यांचे हात दोन सुयांवर फिरलेले आहेत त्यांना हे लवकर जमते, कारण उलट-सुलट त्यांच्या डोळ्यांना ओळखीचे असते. म्हणून मशीन घेण्याआधी हातावर एक तरी मफलर विणून झालेला असावा, असा आमचा आग्रह आहे. मशीनवर कापडाची उलट बाजू आपल्याकडे असते. उलट ओळखता आली नाही तर चूक कुठे आहे तेच दिसत नाही.

आता तुकड्याबद्दल. सगळे शिकणे इथेच आहे, आणि चुकवले जाते तेही हेच. मशीनच्या टाक्याचा सैलपणा एका चकतीवर ठरतो, शून्य ते दहा. कोणत्या आकड्यावर आपली लोकर कशी विणली जाईल हे पुस्तक सांगू शकत नाही. म्हणून साठ टाके घालून विणावे, बेडवरच्या शून्यापासून दोन्हीकडे एकविसाव्या सुईवर दुसऱ्या रंगाचा धागा अडकवून खूण करावी, म्हणजे मधे चाळीस टाके राहतात. खालीवर रंगीत ओळी घालून मधे साठ ओळी विणाव्यात. तुकडा काढून रात्रभर पडू द्यावा. मग पुढे स्वेटर जसा धुणार तसाच तो धुवावा, पसरून वाळवावा, आणि त्यानंतर मोजावा. चाळीस टाके 14.3 सेंटिमीटर भरले तर दहा सेंटिमीटरला 28 टाके झाले. साठ ओळी 15 सेंटिमीटर भरल्या तर दहा सेंटिमीटरला 40 ओळी.

थांबायला वेळ नाही म्हणून कोणी मशीनवरून काढल्या काढल्या मोजते. तेव्हा काय होते ते पाहा. वजनांनी कापड खाली ओढलेले असते, म्हणजे लांब आणि अरुंद. त्याच तुकड्याचे माप 30 टाके आणि 36 ओळी असे येऊ शकते. त्या मापाने 50 सेंटिमीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर लांब पाठ काढायची तर 150 टाके आणि 216 ओळी होतात. विणले, शिवले, धुतले, आणि लोकर आपल्या मूळ जागी आली. पाठ भरली साडेत्रेपन्न सेंटिमीटर रुंद आणि 54 लांब. पुढचाही भाग तसाच. स्वेटर घेरात सात सेंटिमीटर सैल आणि उंचीला सहा सेंटिमीटर आखूड. विणकामात एकही चूक नसताना कपडा वाया गेला. खरे उत्तर 140 टाके आणि 240 ओळी होते. हे गणित चौथीच्या त्रैराशिकाचे आहे, पण त्यात घालायचा आकडा धुतलेल्या तुकड्यातून यावा लागतो.

असे दहा-बारा तुकडे व्हावेत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधावी: कोणती लोकर, चकती कितीवर, धुण्याआधी किती, नंतर किती. ही चिठ्ठ्यांची पिशवी पुढची कित्येक वर्षे उपयोगी पडते. मग पहिला कपडा बाळंतविड्यातून निवडावा. सरळ चौकोनाचे टोपडे. बाळाच्या डोक्याचा घेर 40 सेंटिमीटर, टोपडे थोडे आवळ हवे म्हणून 36 धरावे, म्हणजे वरच्या मापाने शंभर टाके. 72 ओळी विणाव्यात. शेवटच्या ओळीचे सगळे टाके सुईने धाग्यात ओवून घट्ट खेचावेत आणि मागची कड शिवावी. खालची कड आपोआप वळते. साध्या विणीचे कापड कडांना वळणारच, तो दोष नाही. टोपड्याला ती वळलेली कड शोभून दिसते. टोपड्यानंतर दुपटे, मग बिनबाह्यांची बंडी. बाह्यांचा स्वेटर चौथा.

दोन उलट दोन सुलट ही स्वेटरची ओळखीची बॉर्डर एकेरी बेडवर होत नाही, कारण तिथे प्रत्येक सुई एकाच दिशेने फास ओढते. ती हवी तर दर दोन टाके सोडून हातसुईने उलटवून घ्यावे लागतात, किंवा रिबर नावाचा दुसरा बेड जोडावा लागतो. रिबर लगेच घेऊ नये. तो म्हणजे जवळजवळ दुसरे मशीन शिकणे आहे. नक्षीच्या पंचकार्डालाही तोवर हात लावू नये. लावाल तेव्हा मात्र आनंद होईल. कार्डाची रुंदी 24 टाक्यांची असते, आणि 24 ला 2, 3, 4, 6, 8, 12 यांनी भाग जातो, त्यामुळे ठिपक्यांची रांगोळी किंवा दोसुतीवरचा कशिदा ज्यांनी काढला आहे त्यांना नक्षी बसवणे अवघड जात नाही. छिद्र म्हणजे एक रंग, कोरी जागा म्हणजे दुसरा. पुढे तर इलेक्ट्रॉनिक मशीन आली. 2010 मध्ये बेकी स्टर्न आणि लिमोर फ्राइड यांनी ब्रदरच्या केएच-930ई मशीनला संगणक जोडून हवे ते चित्र विणून दाखवले. जुन्या मशीनकडे तरुण मुले वळली त्यात या प्रयोगाचा वाटा आहे.

राहिला कमाईचा प्रश्न. ‘घरबसल्या उत्पन्न’ या दोन शब्दांवर अशी मशीन विकली जातात. इथे इंग्लंडच्या त्या घरगुती विणकरांची कडू गोष्ट आठवावी. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरातली चौकट मालकाची असे. काम मिळो न मिळो, तिचे भाडे मजुरीतून कापले जाई. मजुरी घसरली, भाडे राहिले, आणि 1811 मध्ये नॉटिंगहॅमच्या भागात विणकरांनी चौकटी फोडायला सुरुवात केली. लडाइट म्हणून इतिहासात ज्यांना यंत्राचे शत्रू ठरवले गेले, त्या माणसांना यंत्र चालवता येत होते. यंत्राखाली दबलेले आयुष्य त्यांना नको होते. आज मशीनसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता हे त्या भाड्याचेच रूप आहे. लुधियानातल्या संगणकीय मशीनवर निघालेला स्वेटर आपल्या बाजारात ज्या किमतीला येतो, त्या किमतीत घरी विणून हप्ता सुटत नाही. ज्या बाईला अमुक लांबीचे, अमुक शाळेच्या रंगाचे, आजारी माणसाला पुढून उघडणारे किंवा सात महिन्यांच्या बाळाला बसेल असेच काही हवे, तिच्यासाठी घरचे मशीन आहे. असे गिऱ्हाईक जोडायला दोन-तीन हिवाळे जातात. तोवर उत्पन्न धरू नये. कर्ज काढून हे मशीन घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बचत गटाला घ्यायचे असेल तर पाच जणींनी पाच न घेता एक घ्यावे, आणि वर्षभर पाचही जणींनी त्याच एकावर तुकडे विणावेत.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यांच्या गावी ‘मशीनवर स्वेटर विणून मिळतील’ अशा पाट्या दिसत. त्या पाट्यांमागे बसणाऱ्या बायका आज साठी-सत्तरीच्या आहेत. स्पंजची पट्टी कशी बदलायची, कोणत्या लोकरीला चकती कितीवर ठेवायची, हे त्यांच्या हाताला माहीत आहे आणि ते फारसे कुठे लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या घरी जावे. आणि आपल्याच माळ्यावर असे मशीन असेल तर या रविवारी ते खाली काढा, पट्टी ओढून स्पंज पाहा, पुस्तिका शोधा. स्वतः विणायचे नसेल तर ज्या मुलीला शिकायचे आहे तिला देऊन टाका. वजने, हातसुया, पंचकार्डे, सगळे सामान एका पिशवीत बांधून बरोबर द्या. त्यांतली एक वस्तू हरवली तरी तिचे शिकणे अडते.